बोअर मारतो, बोभाटा नाही

बोअरिंग मशीनखाली कीस साठतो आणि मशीनसमोर किस्से. कीस निदान आठवड्याला झाडून भंगारात घालता येतो. किस्स्यांना भंगारवाला हात लावत नाही. म्हणून ते माझ्याकडे तसेच पडून आहेत, आणि आज तुम्ही तावडीत सापडला आहात!

माझं इस्लामपुरात दुचाकीच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे. मागच्या खोलीत रशीदभाईंचं बोअरिंगचं मशीन. इंजिनात पिस्टन ज्या गोल भोकात खालीवर होतो, ते झिजलं की रशीदभाई आतून कापून थोडं मोठं करतात आणि त्यात मोठ्या मापाचा पिस्टन बसतो. याला म्हणायचं बोअर मारणे. मापं बोलायची पद्धत सोपी, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. आधी पंचवीस, मग पन्नास, मग पंच्याहत्तर आणि शेवटी शंभर. शंभरच्या पुढे ब्लॉकची, म्हणजे त्या भोकाभोवतीच्या लोखंडाची, भिंतच उरत नाही.

सभ्य माणसं गाडी झिजली म्हणून बोअर मारतात. आमची निम्मी गिऱ्हाईकं मात्र चांगल्या, धडधाकट इंजिनाला बोअर मारायला येतात. भोक मोठं केलं की ताकद वाढते, ताकद वाढली की गाडी पळते, आणि गाडी पळाली की यात्रेतली रेस जिंकता येते, असा त्यांचा हिशेब! आता रेसला बोअर मारलेली गाडी चालत नाही. त्यामुळे हे सगळं काम चोरून. मागच्या दाराने यायचं, ब्लॉक टॉवेलात गुंडाळून आणायचा आणि निघताना विचारायचं, "रशीदभाई, त्या दीपकनं औंदा कितीचा मारलाय वो?"

रशीदभाई मान वर न करता एकच उत्तर देतात, "मी बोअर मारतो, बोभाटा न्हाई!"

*

सुरुवातीला आमच्या बोर्डावर नुसतंच लिहिलं होतं, 'येथे बोअर मारून मिळेल'. पेंटरला जागा कमी पडली आणि मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही.

एके दिवशी धोतर नेसलेले एक आजोबा आले. बराच वेळ मशीनकडे बघत उभे राहिले. मग म्हणाले, "मशीन लय बारकं दिसतंय. वाडीपातुर नेता यील का?"

रशीदभाई म्हणाले, "मशीन हलत न्हाई बाबा. तुमीच घिऊन या."

"काय घिऊन येऊ? रान?"

रशीदभाईंच्या डोक्यात इंजिन, आजोबांच्या डोक्यात विहिरीशेजारची बोअर! दोघंही आपापल्या जागी बरोबर. आजोबांनी धीर धरून विचारलं, "बरं, किती खाली गेल्यावर पाणी लागतंय?"

"पाणी कशाला लागतंय? ह्याला तेल लागतं!"

आजोबा दचकले. दुकानाच्या फरशीकडे बघितलं. फरशी तर काय, कायम तेलकटच. वाकून बोट लावलं, हुंगलं आणि झपाझप निघून गेले.

दोन-चार दिवसांनी वाडीची पाच-सहा माणसं दुकानात. पुढाऱ्यासारखा दिसणारा एकजण माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "शेठ, लपवू नगा. तुमच्या दुकानात खाली त्याल लागलंय म्हनं. आमच्या रानाचा दगड बी असलाच हाय!"

बोर्ड बदलला. आता 'इंजिनाचा' हा शब्द सगळ्यात मोठा आहे.

*

शिरवळच्या एका कारखान्यात दीपक मशीन ऑपरेटर आहे. मूळचा आमच्याकडचा. रेसच्या खुळापायी यात्रेआधी मोपेडचा ब्लॉक घेऊन गावी येतो, पण बायकोला, पूजाला, सांगतो की शेतावर काम आहे.

एकदा तो ब्लॉक रशीदभाईंकडे टाकून शिरवळला परत गेला. रशीदभाईंनी फोन केला, तेव्हा दीपक आंघोळीला आणि फोन स्वयंपाकघरात. पूजानं उचलला. रशीदभाई पलीकडे कोण आहे हे न विचारता बोलणारे. "दीपक, पन्नास मारला. लय ग्वाड बसलाय. आता पंच्याहत्तर मारू, का शंभरच मारून टाकू? पर शंभर मारल्यावर मागं फिरता येत न्हाई गड्या. मग भिंतीचा बी भरवसा न्हाई!"

पूजानं फोन ठेवला. रविवारी ती दीपकच्या आधी बसमध्ये बसली आणि थेट आमच्या दुकानात उतरली. दीपक मागून धापा टाकत. तिनं आधी माझ्या तोंडाचा वास घेतला. मग रशीदभाईंच्या समोर जाऊन उभी राहिली. रशीदभाई पाच वेळा नमाज पढणारा माणूस, घाबरून पार मशीनला चिकटले. तेवढ्यात तिला मशीनखाली बाटली दिसली. झडप घालून तिनं बूच काढलं, नाकाला लावली आणि किंचाळली, "आगं आई! रॉकेल? तुमी रॉकेल पिताय?"

रशीदभाई हात जोडून म्हणाले, "आमी न्हाई वो ताई. मशीन पितंय!"

बोअर घासून गुळगुळीत करताना रॉकेल सोडावं लागतं, हे तिला पटवायला आम्हाला चहाच्या दोन फेऱ्या लागल्या. दीपकवरचा संशय मात्र अजून गेलेला नाही. पन्नास हा आकडा घरात उच्चारायची बंदी आहे.

*

संशयाचं म्हणाल तर मीही त्यातून सुटलेलो नाही.

काही गिऱ्हाईकं नवा पिस्टन न्यायची आणि आपला जुना, घासलेला पिस्टन त्याच डब्यात घालून परत आणायची. म्हणायची, "शेठ, माल खराब निघाला." म्हणून मी एक युक्ती काढली. विकायच्या प्रत्येक पिस्टनला आतल्या कडेला नेलपॉलिशचा एक ठिपका द्यायचा. दरवर्षी रंग वेगळा. तेलात-पेट्रोलात लवकर जात नाही, आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. एका वर्षी लाल, मग गुलाबी, मग मोरपंखी, मग सोनेरी. औंदा जांभळा.

जांभळी बाटली आमच्या हिला शर्टाच्या खिशात सापडली. ही नेलपॉलिश लावत नाही. घरात दुसरी बाई नाही.

"कुनाची?" तिनं विचारलं.

"पिस्टनला लावायला आणलीय."

एवढं खरं उत्तर मी लग्न झाल्यापासून दिलं नव्हतं, आणि तेच तिला पटलं नाही! दुपारी ती दुकानात आली. काउंटरसमोर उभी राहून म्हणाली, "लाव बघू." मी डबा उघडला, पिस्टन काढला, आतल्या कडेला एक छान गोल ठिपका दिला आणि वर फुंकरही मारली.

ती बघत राहिली. मग पदर खोचत म्हणाली, "हात लय सराईत हाय!"

*

बंडूही आमच्याच रेसमधला, महाबळेश्वरला टॅक्सी चालवतो. त्याचा संशय सगळ्यांच्या वरचा. त्याला वाटतं, आपला ब्लॉक इस्लामपूरच्या रस्त्यावरून नेला की लोक वजनावरून ओळखतात की बोअर किती मारलाय. म्हणून त्यानं ब्लॉक स्ट्रॉबेरीच्या खोक्यात घातला, वरून पाला घातला आणि खाली येणाऱ्या गाडीवाल्याकडे दिला. त्याच गाडीतून त्यानं, खाली हायवेवर पुण्याच्या बसमध्ये चढवायला म्हणून, आपल्या टॅक्सीतून फिरलेल्या एका पुण्याच्या कुटुंबासाठी खऱ्या स्ट्रॉबेरीचं खोकंही पाठवलं होतं. पुढचं तुम्हाला कळलंच असेल.

रशीदभाईंनी खोकं उघडलं आणि बंडूला फोन लावला. "बंडू, ब्लॉक पोचला. पर लय पिकलाय रं. ह्याला बोअर मारला तर जागेवर जाम हुईल!"

बंडू तिकडे कपाळाला हात लावून बसला. तोवर त्याला पुण्याहून बाईंचा फोन आला. त्या फार शांतपणे म्हणाल्या, "अहो दादा, तुमची स्ट्रॉबेरी तीनदा धुतली. अजून काळं पाणी येतंय."

*

आता रेसचं सांगतो, म्हणजे एवढी लपवाछपवी कशासाठी ते कळेल.

शेजारच्या गावात यात्रेच्या दुसऱ्या दिवशी पड रानात जुन्या मोपेडच्या रेस होतात. जिंकणाऱ्याला मानाचा फेटा. गाडीला गुलाल. वर्षभर गावात ज्या कट्ट्यावर बसेल तिथं चहा समोर येतो. इंजिन मात्र कंपनीच्या मूळ मापाचंच पाहिजे. बोअर मारलेलं सापडलं तर आजवर जिंकलेले सगळे फेटे गावासमोर परत करायचे आणि पुन्हा त्या मैदानात पाय ठेवायचा नाही.

सापडायचं कसं? तर कुणीतरी शंका घ्यायची. पण जुन्या पंचांनी नियम असा करून ठेवलाय की, शंका घेणाऱ्याचं इंजिन आधी उघडायचं. ते मापात निघालं तरच समोरच्याचं उघडायचं. आणि ज्यानं रेस पुरी केलीय त्यालाच शंका घेता येते.

त्यामुळे झालंय काय, की सगळ्यांना सगळ्यांची शंका आहे आणि घेत कुणीच नाही. कारण प्रत्येकाच्या पोटात पन्नास नाहीतर शंभर!

पहिल्यांदा हा नियम लागला तेव्हाची गोष्ट. रेस संपली, माइकवरून पुकारा झाला, "कुनाला शंका हाय का? शंका असंल त्यानं हात वर करा!" सगळीकडे शांतता. शेवटी मागून एका म्हाताऱ्यानं हात वर केला. पंच खूश. म्हणाले, "या आजा, पुढं या."

म्हातारा म्हणाला, "पुढं कशाला? मागं उसात जाऊन येतो की!"

*

गंमत अशी की एवढे बोअर मारून आमची पोरं जिंकत नाहीत.

नव्या बोअरची गाडी आधी सावकाश पळवून बसवावी लागते. रशीदभाई घसा कोरडा करतात, "आठ-पंधरा दिवस मुंगीच्या पावलानं चालवा. पिस्टन भिंतीला वळखू दे." पण कुणाला कळू नये म्हणून ही मंडळी बोअर मारलेला ब्लॉक गाडीला बसवतात रेसच्या आदल्या दिवशी! दुसऱ्या दिवशी रेसमध्ये अ‍ॅक्सिलरेटरचा कान पिळला की पिस्टन तापून भिंतीला चिकटतो आणि इंजिन जाम. एकदा दीपकची गाडी अशी जागेवर थांबली की तो एकटाच पुढे गेला. मूठ हातातच होती!

आणि या सगळ्यांच्या मधून, भाजी आणायला निघाल्यासारखे, सुभेदार पुढे निघून जातात.

सुभेदार म्हणजे फौजेतून निवृत्त झालेला, पांढऱ्या मिशांचा, ताठ कण्याचा माणूस. सगळा तालुका त्यांना सुभेदारच म्हणतो. मी शाळेत असताना ते सुट्टीवर आले की आम्ही पोरं त्यांच्या बुटांच्या आवाजानंच सरळ उभे राहायचो. गेली चार वर्षं फेटा त्यांचाच. आणि गेली चार वर्षं दीपक आणि बंडू दात खात म्हणतायत, "म्हाताऱ्यानं नक्की शंभर मारलाय!"

मी गप्प. कारण मला माहीत होतं.

दरवर्षी यात्रेच्या आधी सुभेदार माझ्या दुकानात यायचे. भर उन्हात मफलर, डोळ्यांवर काळा चष्मा. दुकानात नेमकी गर्दी असायची. ते काउंटरवर वाकायचे, तोंडावर हात धरायचे आणि कुजबुजायचे, "मोपेडचा शंभरचा पिस्टन हाय का रं?"

आता ज्यानं आयुष्यभर परेडवर हुकूम दिले, त्याची कुजबुज ती केवढी! समोरच्या रसवंतीवाल्यानं एकदा तिथूनच ओरडून सांगितलं, "आवं असंल तर द्या की सुभेदारास्नी!"

पिस्टन टॉवेलात गुंडाळून ते निघून जायचे. दुकानातले सगळे एकमेकांकडे बघायचे. संध्याकाळपर्यंत मागच्या दाराला ब्लॉक घेऊन रांग लागायची. म्हाताऱ्यानं शंभर मारला म्हटल्यावर आपण पन्नासवर कसं थांबायचं!

मला मनातून फार वाईट वाटायचं. एवढा सरळ माणूस फेट्यासाठी चोरी करतो? एकदा न राहवून रशीदभाईंना विचारलं. सुभेदार आणि ते लंगोटीयार. रशीदभाई मशीन पुसत म्हणाले, "ही पोरं बोअर मारायची थांबली, तर सुभेदाराचं काय खरं न्हाई."

मला वाटलं, उन्हानं त्यांचं डोकं फिरलंय.

*

औंदाच्या यात्रेआधी दीपक आणि बंडू दोघं मिळून दुकानात आले. एरवी ही दोघं एकमेकांच्या सावलीवर संशय घेतात. एकत्र आलेली बघून मी आधी गल्ला बंद केला.

"शेठ," दीपक म्हणाला, "तुमच्या दुधाच्या मोपेडला कवा बोअर मारलाय का?"

"कधीच नाही. वडील तिच्यावरून दूध घालायचे, तेव्हापासून जशीच्या तशी."

दोघांनी एकमेकांना टाळी दिली. बंडू माझ्या पाया पडायच्या बेतात. "सगळ्या तालुक्यात येवढं एकच इंजिन सोवळ्यातलं ऱ्हायलंय! शेठ, तुमी रेसला उतरा. शेवटचा नंबर आला तरी चालंल. फकस्त रेस पुरी करा आन् सुभेदारावर शंका घ्या."

मी नाही म्हणालो. गिऱ्हाईकाचं गुपित विकायचं नसतं, हा माझा धंद्याचा नियम. पण मी कुठं काय सांगणार होतो? मी नुसती शंका घेणार होतो. शिवाय खरं सांगू का, दरवर्षी सुभेदारांना फेटा बांधताना टाळ्या वाजवायचा मला वीट आला होता. एकदाचं काय ते उघडं पडू दे, असं वाटायचं. आणि त्याच वेळी वाटायचं, देवा, यांचं इंजिन मापात निघू दे. नाहीतर या माणसाला मान खाली घालून चार फेटे परत करताना मला बघावं लागेल, आणि तेही माझ्यामुळे!

शेवटी हो म्हणालो.

दीपकचा कुणावर भरवसा नाही. तो म्हणाला, "सुभेदाराला सुगावा लागला तर तुमच्या गाडीत कायतरी घोळ करंल. इंजिन सील करून घ्या." म्हणून रेसच्या आदल्या दिवशी मी मोपेड रशीदभाईंकडे दिली आणि माल आणायला सांगलीला गेलो. परत आलो तर रशीदभाई आणि सुभेदार मागच्या खोलीत बशीतून चहा पीत बसले होते. इंजिनाच्या बोल्टांना तार गुंडाळून वर लाखेचं सील ठोकलेलं.

"आता ह्याला कोण हात लावत न्हाई," रशीदभाई म्हणाले.

सुभेदारांनी माझ्याकडे बघून मिशीतल्या मिशीत हसून विचारलं, "काय सुहास, उद्या आमच्याबरोबर पळणार म्हनं? पळ बाबा. व्यायाम चांगला."

मी मशीनला टेकून उभा राहिलो आणि पटकन हात काढला. मशीन गरम होतं. म्हटलं, असेल कुणाचं तरी काम.

*

रेस सुरू झाली आणि माझी दुधाची मोपेड अशी काही उसळली की मीच घाबरलो. पहिल्या वळणावर मी बंडूच्या पुढे! दीपक मागून ओरडला, "शेठ, हळू! तुमी हरायचं हाय!" मला वाटलं, सील मारल्यावर गाडीच्या अंगात जोर येत असेल.

जोर शेवटच्या फेरीपर्यंत टिकला. मग खर्रर्र करून इंजिन जाम. दीपकचं आधीच जाम झालं होतं, बंडूचंही. सुभेदार नेहमीसारखे भाजीला निघाल्यागत पुढे गेले, जिंकले, गाडी स्टँडला लावून कपाळ पुसत उभे राहिले. रेस पुरी करायलाच हवी होती, म्हणून मी मोपेड ढकलत निघालो. बायाबापड्या टाळ्या वाजवत होत्या. आमची ही त्यात होती. ती वाजवत नव्हती.

रेषेपलीकडे गाडी नेली आणि मी हात वर केला. "मला शंका आहे!"

मागून कुणीतरी ओरडलं, "मग उसात जा की शेठ!"

हशा ओसरल्यावर पंचांनी विचारलं, "कुनावर?"

सुभेदारांकडे बघवेना. "सुभेदारांवर."

सुभेदार दोन्ही हात मागे बांधून विश्राममध्ये उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. म्हणाले, "नियमानं हुद्या. आदी शंकेवाल्याचं उघडा."

मोजायचं काम पंचांनी रशीदभाईंकडे दिलेलं. त्यांनी सील तोडलं, हेड काढलं, ब्लॉक उपसला. पिस्टन पुसला आणि त्याच्या डोक्यावरचा मापाचा शिक्का सगळ्यांना दिसेल असा धरला. मग शांतपणे म्हणाले, "शंभर."

एक क्षण मला वाटलं, ते सुभेदारांच्याच गाडीचं सांगतायत.

"शेठ!" बंडू किंचाळला. "सोवळ्यातलं इंजिन म्हनला हुता न्हवं?"

पंच म्हणाले, "शंका बाद! सुभेदाराचं इंजिन उघडायचं न्हाई." माझ्याकडे फेटे नव्हतेच, त्यामुळे परत काही करावं लागलं नाही. मैदानबंदी तेवढी मिळाली. गर्दीतला एक म्हातारा दुसऱ्याला सांगत होता, "चोऱ्या लय बघितल्या गड्या. पर शंभर मारून शेवटचा आलेला ह्यो पयलाच!"

रशीदभाईंनी पिस्टन माझ्या हातात दिला. मी तो उलटा केला. आतल्या कडेला जांभळा ठिपका होता.

मोपेडचा शंभरचा पिस्टन औंदा माझ्या दुकानातून एकाच माणसानं नेला होता. मफलर बांधून. इतरांनी शहाणपणा करून कोल्हापुरातून आणले होते. मी रशीदभाईंकडे बघितलं. ते पाना पुसत होते. मी तोंड उघडायच्या आतच म्हणाले, "मी बोअर मारतो..."

पुढचं त्यांनी सांगितलं नाही. मीही कुणाला सांगितलं नाही. चोराच्या उलट्या बोंबा कोण ऐकणार? दीपक आणि बंडू अजून माझ्याशी धड बोलत नाहीत. ही तर म्हणाली, "तवाच म्हनलं हुतं, हात सराईत हाय!"

*

चार दिवस मी तळमळलो. माझा जांभळा पिस्टन माझ्याच इंजिनात घातला, इथपर्यंत कळत होतं. पण मग सुभेदारांच्या इंजिनात काय आहे? पकडले जाऊ नये म्हणून माझा बळी दिला असणार, दुसरं काय! मला त्यांचा राग आला होता, आणि रागापेक्षा जास्त वाईट वाटत होतं. शेवटी पिस्टन खिशात घातला आणि तोंडावर जाब विचारायचा म्हणून त्यांच्या घरी गेलो.

सुभेदार अंगणात मोपेड पुसत होते. शेजारी खुंटीवर पाच फेटे. "ये सुहास, बस," म्हणाले. काकूंना हाक मारली, "चा टाक गं."

मी आत जाऊन बसलो. समोर देवघर. देवांच्या पुढे एका ओळीत उदबत्तीची घरं मांडलेली. त्यांत वाळू भरून उदबत्त्या खोचल्या होत्या. घरं चकचकीत, ॲल्युमिनियमची. मी उठून जवळ गेलो.

चार पिस्टन होते. कोरे करकरीत. एकालाही कधी तेल लागलेलं नव्हतं. आतल्या कडेला वाळूच्या वर ठिपके दिसत होते. लाल, गुलाबी, मोरपंखी, सोनेरी.

काकू चहा घेऊन आल्या. माझी नजर बघून म्हणाल्या, "व्हय, तुमच्याच दुकानातली न्हवं ही उदबत्तीची घरं? लय जड हायती बघा, पर पडत न्हाईत. ह्ये दरवर्षी यात्रंच्या आदी एक आनत्यात. औंदा आनतो म्हनले आन् रिकाम्या हातानं आले. इचारलं तर म्हनत्यात, एकाला उसनं दिलंय, आपून हून आनून दील."

सुभेदारांचं इंजिन उघडून मापात निघालं असतं तर पोरं बोअर मारायची थांबली असती, हे रशीदभाईंचं बोलणं मला आत्ता कळलं. मी वळलो. सुभेदार दारात उभे होते. हात फडक्याला पुसत, मिशीतल्या मिशीत हसत.

"चा निवतोय, सुहास," ते म्हणाले. "आन् जाताना तुझ्या खिशातलं ते जांभळं तेवढं काकूला दिऊन जा. ओळीत बसंल."